सूचक म्हणून माझं नाव

मला निवडून आणलं ते मी गप्प बसणारी बाई आहे म्हणून. तेव्हा हे कुणी तोंडावर बोललं नव्हतं, पण मला ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनही मी उभी राहिले. त्यामुळं पुढं जे सांगणार आहे त्यातला पहिला राग माझ्या स्वतःवरचा आहे. बाकीच्यांचा नंबर मागाहून.

आमचं गाव भिवंडीजवळ, वडप्याच्या पुढं, महामार्गापासून थोडं आत. मी खारबावहून लग्न करून आले तेव्हा दारापुढं भाताची खाचरं होती. आता गोडाऊनं आहेत. त्याचं मला रडगाणं गायचं नाही. आमच्याच माणसांनी जमिनी दिल्या, आमचीच घरं पक्की झाली, आणि मी स्वतः त्यातल्या एका गोडाऊनमध्ये पॅकिंगच्या लाइनवर नऊ वर्षं ड्युटी केली. कॉलेजची दोन वर्षं भिवंडीत काढली होती. शेवटच्या वर्षाला लग्न ठरलं आणि पुस्तकं माहेरीच राहिली. नवरा टेम्पो चालवायचा, अजूनही चालवतो.

माझे थोरले दीर गावचे सरपंच. गावात त्यांना सगळे शेठ म्हणतात, मी दादा म्हणते. आमच्या प्रभागातली जागा बायकांसाठी राखीव झाली तेव्हा ते सकाळी चहाला आले. कधी नव्हे ते ओट्यावर न बसता आत, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी उभे राहिले.

"तुला काय करायचं न्हाय," ते म्हणाले. "तू शिकलेली हायस, सही बरी करशील. मीटिंगला यायलाच पायजे असं बी न्हाय."

नवऱ्याने मान डोलावली. मीही डोलावली. मला वाटलं, घरातल्या माणसाचं काम आहे, आपलं काय जातंय. मी निवडून आले तेव्हा गुलाल लागला तो नवऱ्याला. माझ्या कपाळाला जावेने कुंकू लावलं आणि म्हणाली, "आता तू मेंबरीण झालीस, भाकऱ्या कोण करणार?" सगळे हसले. मी भाकऱ्याच केल्या.

ग्रामपंचायतीची मासिक सभा महिन्यातून एकदा व्हायची असते. आमच्याकडं ती माझ्या स्वयंपाकघरात व्हायची. म्हणजे असं, की पंचायतीचा शिपाई सभेचं पुस्तक घेऊन घरी यायचा, त्याला आमच्याकडं प्रोसिडिंग म्हणतात, आणि म्हणायचा, "वहिनी, सही." वर तारीख लिहिलेली असायची, खाली हजर सदस्यांची नावं. त्याखालचं पान कोरं. मी विचारलं एकदा, की ह्यात काय लिहिणार? तो म्हणाला, "ते भाऊसाहेब लिवतात मागनं." भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक. मी हात पुसून सही करायचे. कधी कधी हात न पुसताही.

अशी दोन वर्षं गेली. ह्या दोन वर्षांत मी गावासाठी काय केलं असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही, कारण मी काय केलं हे मलाच माहीत नव्हतं. ते त्या पुस्तकात लिहिलेलं होतं आणि पुस्तक मी कधी वाचलं नव्हतं.

मार्च महिना होता. सकाळची शिफ्ट संपवून कंपनीच्या बसने परत येत होते. दुपारचे तीन वाजले असतील. सर्व्हिस रोडवर कंटेनरची रांग लागलेली, बस थांबली. खिडकीतून बघते तर दोन कंटेनरच्या मधून एक तिरडी येत होती. चार माणसं खांद्यावर घेऊन कडेकडेने चाललेली, मागं दहाबारा बाया. एक ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसला होता. त्या माणसांना पुढं जायला जागाच नव्हती. शेवटी त्यांनी तिरडी दुभाजकाच्या सिमेंटवर टेकवली आणि चौघं तिच्या दोन्ही बाजूला हात धरून उभे राहिले, ती पडू नये म्हणून. गाड्यांच्या वाऱ्याने वरची चादर उडत होती. एक बाई ती चादर धरून बसली होती.

ती बाई मी ओळखली. आमच्या गावाच्या टेकाडामागं कातकरी पाडा आहे, तिथली म्हातारी. माझी दोन्ही बाळंतपणं झाली तेव्हा तिनेच मला तेल लावलं होतं. पावसाळ्यात शेतातल्या खेकड्यांची माळ घेऊन यायची आणि मागच्या दारी बसून माझ्याशी बोलत राहायची. तिरडीवर तिचा नवरा होता.

मी बसमधून उतरले. तिच्याजवळ जाऊन म्हणाले, "मावशी, इकडून का? मसणवटीची वाट तर टेकाडावरून."

तिने चादर सोडली नाही. माझ्याकडं बघितलं, रडत नव्हती. म्हणाली, "वाट कुठं हाय? वाट तूच दिलीस ना गोडावनवाल्याला. तुजी सही हाय म्हनतात."

मला काही कळलं नाही. मी म्हणाले, "मी कुठं दिली?"

"मंग तुजं नाव कोनी लिवलं?"

मी त्या लोकांबरोबर मसणवटीपर्यंत चालत गेले. पाड्यावरून जुन्या वाटेने निघालं तर दहा मिनिटं लागतात. महामार्गावरून वळसा घालून आम्हाला सव्वा तास लागला. जाताना बघितलं, पाड्याच्या तोंडाशीच नव्या गोडाऊनची भिंत उभी होती, पांढरी, दहा फूट उंच, वर काटेरी तार. वाट भिंतीपर्यंत जात होती आणि तिथं संपत होती.

दुसऱ्या दिवशी मी ड्युटीला गेले नाही. पंचायतीत गेले. ग्रामसेवक टेबलाशी बसले होते. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं. मी त्या ऑफिसात त्याआधी फक्त शपथेच्या दिवशी आले होते.

"मला प्रोसिडिंग बघायचंय," मी म्हणाले.

"कशाला वहिनी?"

"वाचायला."

ते हसले. "तसं देता येत नाही. माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, तीस दिवसांत उत्तर येईल."

मी सदस्य होते. ज्या पुस्तकात माझ्या सह्या होत्या ते पुस्तक बघायला मला परक्या माणसासारखा अर्ज करायला सांगत होते. आणि बोलताना तो माणूस नम्र होता, ह्याचाच मला जास्त संताप आला. वहिनी, वहिनी करत होता. मी त्याच्या समोरच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "पुस्तक मिळेपर्यंत मी इथंच आहे." साडेअकरा वाजले होते. त्याने दादांना फोन केला. दादा उचलत नव्हते. माझ्या पोटात काही नव्हतं, चप्पल तुटलेली होती, आणि मी तिथं दुपारी दोनपर्यंत बसले. दोन वाजता त्याला जेवायला जायचं होतं. त्याने कपाट उघडलं आणि पुस्तक टेबलावर ठेवलं. टेकवलं नाही, आपटलं.

ठराव सापडायला वेळ लागला नाही. सुवाच्य अक्षरात लिहिलेला होता. "सदर जागेतून कोणतीही सार्वजनिक वहिवाट अगर पायवाट नाही. सबब गोडाऊन बांधकामास ग्रामपंचायतीची हरकत नाही. सर्वानुमते मंजूर." आणि खाली, सूचक म्हणून माझं नाव. पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट आणि सासरच्या आडनावासकट. म्हणजे हा ठराव मी मांडला होता. मी सभेत उठून म्हणाले होते, की तिथून वाट नाही. ज्या वाटेने ती म्हातारी इतकी वर्षं माझ्या मागच्या दारी येत होती, ती वाटच नाही असं मी म्हणाले होते.

पानाच्या वरच्या बाजूला माझी सही होती. सहीशेजारी पिठाचा पांढरट डाग होता, बोटाएवढा. तो दिवस मला आठवला नाही. असे कितीतरी दिवस होते.

संध्याकाळी घरी भांडण झालं. नवरा म्हणाला, "दादानं काय वाईट केलं? सगळीकडं असंच चालतं."

"मला विचारलं का कुणी?"

"तुला काय विचारायचं? तुला काय कळतं त्यातलं?"

"मग उभी कशाला केली?"

त्याने पाट ओढला. मग तो म्हणाला, "सही केलीस ना? मग आता गप बस." आणि जेवायला बसला. मी त्याला वाढलं नाही. त्याने स्वतः घेतलं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती, असं पहिल्यांदाच झालं.

त्याच आठवड्यात मी भिवंडीला एका वकिलांकडं गेले. पॅकिंगमधल्या माझ्या एका मैत्रिणीने त्यांचं नाव सांगितलं होतं. म्हातारे गृहस्थ, कोकणी मुसलमान, त्यांच्या घराण्याचे पूर्वी लूम, म्हणजे यंत्रमाग, होते. ऑफिस वरच्या मजल्यावर, आणि खालच्या खोलीत अजून लूम चालू, त्यामुळं टेबलावरचा पाण्याचा ग्लास सारखा थरथरत होता. मोठ्याने बोलावं लागायचं. मी सगळं ओरडून सांगितलं. सांगताना रडू आलं, तेही ओरडूनच.

मी पुस्तकातून वहीत उतरवून आणलेला ठराव त्यांनी वाचला. चष्मा काढला. म्हणाले, "बेटी, मीपण निवडून आलो होतो. लई वर्षं झाली, नगरपालिका होती तेव्हा. पहिल्या मीटिंगला मलापण सांगितलं, सही करा आणि चहा घ्या. मी म्हटलं, चहा नंतर, पहले पढके सुनाओ. त्या दिवसापासून मला कुणी चहा दिला नाही."

मी हसले नाही. ते हसले.

मग ते म्हणाले, "साहेब लोक बदली होऊन जातात. तू कुठं जाणार? उद्या बाजारात भेटणार, लग्नात भेटणार. लोक तुझा पदर धरून विचारणार. म्हणून तर निवडून देतात. कामाची अक्कल साहेबाला तुझ्यापेक्षा जास्त असंल. पण त्याचा पदर कुणी धरत नाही."

त्यांनी भूमी अभिलेखमधून गावनकाशाची नक्कल काढायला सांगितली. ती हातात आली तेव्हा मी जिन्यातच उभी राहून बघितली. पाड्यापासून मसणवटीपर्यंत बारीक तुटक रेघ होती. पायवाट. इंग्रजांच्या काळापासून नकाशात होती आणि माझ्या नावाच्या ठरावात नव्हती.

वकील म्हणाले, वाट अडवली तर तहसीलदाराकडं अर्ज करता येतो, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. भिंत नोव्हेंबरात बांधलेली. एप्रिल निम्मा झाला होता. अर्ज पाड्यावरच्या लोकांनी करायचा, वाट त्यांची. म्हातारीने पहिला अंगठा दिला. पण समोरचा माणूस ग्रामपंचायतीचा ठराव दाखवणार, की वाटच नाही. "तो ठराव गावानेच पुसला पाहिजे," वकील म्हणाले. "ग्रामसभेत. कोर्टापेक्षा ते भारी."

एक मेला ग्रामसभा असते. आमच्या गावात ग्रामसभा कशी होते ते सांगते. शाळेच्या व्हरांड्यात आठ खुर्च्या मांडतात. शंभर माणसं यावी लागतात, येतात पंधरा. मग गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब करतात. आणि तहकूब झालेली सभा पुन्हा घेतली की तिला गणपूर्ती लागत नाही. ती त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी चार माणसांत होते, आणि त्या चार माणसांत गावाचं सगळं ठरतं. कायद्यात बसवून केलेलं असतं. लोक येत नाहीत असं वर हेच लोक म्हणतात. लोक यावेत म्हणून दवंडी कुणी देत नाही. नोटीस लावतात ती पंचायतीच्या आतल्या भिंतीला, कुलूप लावलेल्या दाराच्या आत.

मला शंभर माणसं पाहिजे होती. माझ्या लाइनवरच्या गावातल्या बाया मी धरल्या, एकेकीला डब्याच्या सुट्टीत नकाशा दाखवला. पन्नासेक झाल्या. पण पाडा रिकामा होता. एप्रिल-मेमध्ये पाड्यावरची माणसं वीटभट्ट्यांवर असतात, पडघ्याच्या बाजूला. घरी म्हातारी आणि लहान मुलं तेवढी.

तीस एप्रिलला मी नवऱ्याला म्हणाले, "उद्या टेम्पो पाहिजे. भट्टीवर जायचंय."

तो ताट उचलून मोरीकडं गेला. तोपर्यंत दीड महिना आमच्यात कामापुरतंच बोलणं होतं. दादांनी त्याला बोलावून घेतलं होतं हेही मला माहीत होतं, पण काय बोलणं झालं ते त्याने सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बाहेर टेम्पो चालू झाल्याचा आवाज आला. मी पदर खोचून बाहेर गेले. तो स्टिअरिंगवर बसला होता. मी शेजारी बसले.

भट्टीवाला माणसं सोडायला तयार नव्हता. "भट्टी पेटवलीय. आज एकपण जाणार नाही."

मी म्हणाले, "सुट्टी आहे आज. आणि ह्यांना ग्रामसभा आहे."

"ह्यांना?" तो म्हणाला. त्या एका शब्दात त्याने जे भरलं होतं ते ऐकून मला वाटलं, हातातला नकाशा त्याच्या तोंडावर मारावा. माझ्याआधी माझा नवरा खाली उतरला. तो तसा भांडखोर नाही. भट्टीवाल्याच्या समोर उभा राहून एवढंच म्हणाला, "मतदार हायत ती. मी न्यायला आलोय." आणि मागचं फाळकं खाली पाडलं. एक बाई पोराला काखेला मारून चढली. मग दुसरी. मग सगळेच. दोन फेऱ्या झाल्या.

अकराला व्हरांडा भरला, मग अंगण भरलं. दादा आले तेव्हा त्यांना गाडी लावायला जागा नव्हती. ग्रामसेवकाने माणसं बघितली आणि म्हणाला, हजेरीच्या रजिस्टरला पानं नाहीत. शाळेतल्या बाईंनी स्वतःहून दोनशे पानी वही आणून दिली. मग तो म्हणाला, मतदार यादीत नाव आहे त्यांचंच धरायचं. मी म्हणाले, यादी काढा. दीड तास एकेक नाव वाचलं. ऊन डोक्यावर आलं होतं. पाड्यावरची माणसं उन्हात उकिडवी बसलेली, एकही उठला नाही. एकशे चार नावं भरली.

मी उभी राहिले. ठराव मोठ्याने वाचून दाखवला. माझं नाव आलं तेव्हा अंगणात कुजबुज झाली.

"हा ठराव मी मांडलेला नाही," मी म्हणाले. "त्या सभेला मी गेलेच नव्हते. पण सही माझी आहे. मी कोऱ्या पानावर सही केली."

मागून एक जण म्हणाला, "मग वहिनी, वाचून सही करायची होती."

तो बरोबर होता. मी म्हणाले, "हो. चुकलं माझं. म्हणून तर सगळ्यांसमोर उभी आहे."

दादा खुर्चीतून उठले नाहीत. खालच्या आवाजात, जणू माझ्याशीच बोलतायत असे म्हणाले, "घरातलं भांडण घरात मिटवलं असतं आपण."

"दादा, हे घरातलं नाही," मी म्हणाले. "आपल्या घरातलं मढं कधी कंटेनरच्या रांगेतनं न्यावं लागलं नाही."

मग म्हातारी उठली. तिला भाषण येत नव्हतं. ती म्हणाली, "मी लगीन करून आले तवापास्नं तीच वाट हाय. माजा सासरा त्याच वाटेनं गेला, सासू गेली. माजा म्हातारा रस्त्यावर थांबला. गाडीवाला पोंगा वाजवत व्हता." आणि खाली बसली.

त्यानंतर हात वर करायला सांगायची गरज पडली नाही. आधीचा ठराव रद्द, वाट जुनी आहे, ती खुली करावी. ग्रामसेवक लिहायला लागला. मी त्याच्या मागं जाऊन उभी राहिले. त्याने लिहिलं होतं, "सदर विषयावर चर्चा झाली."

"चर्चा नाही," मी म्हणाले. "मंजूर झालं. मंजूर लिहा. आणि मोठ्याने वाचा." त्याने लिहिलं, वाचलं. मग मी सही केली.

लगेच काही भिंत पडली नाही. गोडाऊनवाल्यांनी भिंतीत लोखंडी गेट बसवलं, एक माणूस जाईल एवढं, आणि तिथं सिक्युरिटीवाला उभा केला. जूनमध्ये पाड्यावर आणखी एक जण वारला, भट्टीवरून आजारी होऊन आलेला. तिरडी गेटमधून आडवी जाईना, तिरकी करून काढावी लागली. आणि सिक्युरिटीवाल्याने रजिस्टर पुढं केलं. नाव, मोबाईल नंबर, किती माणसं, कशासाठी. त्याला तसे हुकूमच होते. मी म्हणाले, "कशासाठी म्हणजे? दिसत नाही?" तो बिहारकडचा माणूस होता. त्याने टोपी काढून हातात घेतली. "मॅडम, मेरी नौकरी है," म्हणाला, आणि मान खाली घातली. मी त्याचं पेन घेतलं आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, "वाट आमची आहे." त्याला मराठी वाचता येत नव्हतं. त्याने आम्हाला सोडलं.

तहसीलदारांकडं तारखा पडत गेल्या. पंचनामा झाला. समोरच्या वकिलाने जुना ठराव दाखवला, आमच्या वकिलांनी ग्रामसभेचा दाखवला, नकाशा दाखवला. दिवाळी झाल्यावर आदेश निघाला, की अडथळा काढा. तरी त्यांनी काढला नाही. मग एका दुपारी मंडळ अधिकारी पोलीस घेऊन आले आणि जेसीबीने बारा फूट लांबीची भिंत पाडली. धूळ उडाली तशी पाड्यावरची पोरं नाचली. म्हातारी विटांच्या ढिगावरून पलीकडं गेली आणि परत आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. मी बाजूला उभी होते. मला आनंद झाला असं म्हणतात लोक. मला रागच आला होता. एक ओळ चुकीची लिहायला त्यांना पाच मिनिटं लागली होती. ती पुसायला आम्हाला वर्ष लागलं, आणि त्यात दोन माणसांची अंत्ययात्रा बाटली.

त्यानंतरच्या दोन वर्षांत मी एकही मासिक सभा चुकवली नाही. शिफ्ट बदलून घ्यायचे, पगारी रजा संपल्या की बिनपगारी. प्रत्येक ठराव वाचायला लावायचे. दादा माझ्याशी बोलत नव्हते, जाऊ बोलायची. दुसऱ्या प्रभागातली एक सदस्य बाई हळूहळू येऊ लागली, आधी नवऱ्याला बाहेर उभं करून, मग एकटी. आम्ही दोघींनी पाड्यावर पाण्याची टाकी आणि मोटर मंजूर करून घेतली. मोठं काही केलं असं म्हणत नाही. पण आम्ही काय केलं हे मला आता पाठ सांगता येतं.

मग आमची मुदत संपली. निवडणूक लागली नाही. का लागली नाही ते मला विचारू नका. कुणी आरक्षणाचं सांगतं, कुणी कोर्टाचं. प्रशासक नेमला. तो आमच्यासह आणखी काही गावांचा प्रशासक. गुरुवारी येतो म्हणतात. काही गुरुवारी येतो. माणूस वाईट नाही. त्याला आमचा पाडा कुठं आहे ते माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायचं त्याला कारण नाही. त्याला कुणी मत दिलेलं नाही, आणि त्याला कुणाकडं मत मागायला यायचं नाही.

गेल्या उन्हाळ्यात पाड्यावरची मोटर जळाली. बाया माझ्या दारी आल्या, सवयीने. मी गुरुवारी पंचायतीत गेले. बाहेर तीस-चाळीस माणसं अर्ज घेऊन उभी. आत गेले.

"आपण?" प्रशासकांनी विचारलं.

"माजी सदस्य."

"माजी," ते म्हणाले. "म्हणजे आता नागरिक. अर्ज ठेवा, बघतो."

"साहेब, चार दिवस पाणी नाही. लोक ओहोळात खड्डे खणून पितायत."

"बघतो म्हटलं ना. ह्यात राजकारण आणू नका."

मी त्या खोलीत ओरडले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं, की मी म्हणाले, "पाणी मागणं राजकारण असेल तर मी राजकारणच करतेय. तुम्ही काय करताय ते सांगा." बाहेरची माणसं दारात येऊन उभी राहिली. ग्रामसेवक, आता नवा होता, मला म्हणाला, "ताई, बाहेर चला." मी गेले नाही. हंडे घेऊन पाड्यावरच्या बाया मागनं आल्या आणि ऑफिसच्या पायरीवर बसल्या, तेव्हा साहेबांनी फोन उचलला.

मोटर अकराव्या दिवशी बसली. पंचायतीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर फोटो आला, प्रशासक बटण दाबतायत, शेजारी दादा उभे. खाली लिहिलं होतं, "पाणीप्रश्न मार्गी." फोटोत पाड्यावरची एकही बाई नव्हती.

पाड्यावर एक सून आहे, म्हातारीच्या पुतण्याची बायको. दहावी झालीय. त्या गुरुवारी पायरीवर सगळ्यात पुढं तीच बसली होती. आमच्या प्रभागाची जागा पुढच्या खेपेला आदिवासी बाईसाठी निघेल असं बोलतात. तिच्याकडं जातीचा दाखला नाही, तिच्या घरात कुणाकडंच नाही, कारण जुना कागद लागतो आणि जुना कागद त्यांच्यापैकी कुणाला कधी दिलाच गेला नाही. मागच्या महिन्यापासून आम्ही दोघी त्यासाठी भिवंडीच्या खेपा घालतोय. परवा खिडकीवरच्या माणसाने तिला विचारलं, "तुला कशाला पाहिजे दाखला? योजनेसाठी?"

ती म्हणाली, "न्हाय. उभी राहायचंय."

तो हसला आणि म्हणाला, पुढच्या मंगळवारी या. आम्ही मंगळवारी जाणार आहोत.